वर्षाचा आराखडा आणि सेलोटेप

सॉफ्टवेअरची टीम अजाइल, म्हणजे थोडं थोडं करून बघत वाट बदलणारी, आहे म्हणता आणि वर्षाचा आराखडाही हवाय? मग घ्या की दोन्ही. जमत नाही म्हणणाऱ्यांनी आमचं बेळगावच्या उद्यमबागेतलं ऑफिस बघितलेलं नाही.

आधी आराखडा. तो रंगीत हवा, मोठा हवा आणि दारातून शिरल्याबरोबर दिसायला हवा. चार तिमाह्या, प्रत्येकीत एक बाण. बाण कुठे चाललाय हे कुणी विचारत नाही, वर चाललाय एवढं पुरतं. एकदा चिकटवला की त्याला हात लावायचा नाही. जुलैत बेळगावच्या पावसानं भिंतीला ओल येते आणि तिसरी तिमाही फुगून सुटते, तेव्हा सेलोटेप लावावी. आमच्या तारखा तीनदा हुकल्या, कागद मात्र जाग्यावर आहे.

आता लवचीकता. २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत, यूटामधल्या स्नोबर्डला १७ जण जमले आणि त्यांनी अजाइलचा जाहीरनामा लिहिला. आराखड्याला धरून बसण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद देणं जास्त मोलाचं, असं त्यात आहे. एवढंच पाठ करा. आराखड्यालाही मोल आहेच, असं त्याच लोकांनी खाली लिहून ठेवलंय. तिथपर्यंत वाचायच्या भानगडीत पडू नका. स्क्रम ही अजाइल काम करायची एक पद्धत, ते स्क्रमवाले आणखी चेंगट. स्प्रिंटचं, म्हणजे ठरलेल्या मुदतीच्या कामाच्या टप्प्याचं, उद्दिष्ट धोक्यात येईल असा बदल मध्येच करू नये म्हणतात. सोपं आहे, उद्दिष्टच ठरवू नका. जे नाहीच ते धोक्यात कसं येणार?

रोजची उभ्याची मीटिंग १५ मिनिटांची असते. पाऊण तासाला पोचली तर खुर्च्या मागवा. आमची अशी होते:

‘काल काय केलास?’

‘तेच करायलोय की सर.’

‘अडचण काय?’

‘काल सांगितलंय ते आज तुम्ही नको म्हणालाय. तेवढीच.’

असा पोरगा टीममध्ये असला तर त्याला रेट्रोस्पेक्टिव्हला, म्हणजे टप्पा संपल्यावर काय चुकलं ते बोलायच्या मीटिंगला, बोलावू नये.

तारखांचं मात्र मनाला लावून घेऊ नका. महाराष्ट्राचा सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. ‘पुढची तारीख’ हे शब्द इथली पोरं पाटीवर श्री काढायच्या आधी शिकतात. क्लायंटही इथलाच असेल तर समजून घेतो.

शेतकऱ्याला मात्र चुकूनही सल्ला विचारू नका. खानापूरकडचे आमचे मामा पावसाच्या तोंडावर कोरड्या रानात धूळवाफ भात पेरतात. पाऊस लांबला, उगवण फसली, तर रोपं करून लावणी करायची हे त्यांचं पेरायच्या आधीच ठरलेलं असतं. यंदा भात, हे पक्कं. कसं, ते आभाळ बघून. मी त्यांना विचारलं, मामा, हे कुठं लिहून ठेवता काय? तर म्हणाले, ‘बांधावरनं दिसतंय की.’ असला माणूस ऑफिसात आणलात तर मीटिंगा कशावर घेणार?

आमचं एक गिऱ्हाईक फाउंड्रीवाले आहेत, धातू वितळवून साच्यात ओतणारे. तिथल्या सुपरवायझर काकांचं मागणं तीन रकान्यांचं: हीट नंबर (भट्टीतल्या खेपेचा नंबर) काय, कास्टिंग (ओतीव भाग) कुठलं, रिजेक्ट कशानं झालं, म्हणजे ब्लोहोल (आत वायूचं भोक) की श्रिंकेज (आकसून पडलेली पोकळी). मोबाइलवर भरता यावं, बास. पहिल्या तिमाहीत आम्ही डॅशबोर्ड सुरू केला. दुसऱ्या तिमाहीत सर कुठल्याशा कार्यक्रमात एआय ऐकून आले, म्हणून डॅशबोर्ड बाजूला ठेवून रिजेक्शनचं भाकीत करायला घेतलं. भाकीत करायला आधीची नोंद लागते हे तिसऱ्या तिमाहीत कळलं. तोवर लॉगिनच्या पानाचा निळा रंग सगळ्यांना पसंत पडला होता, तेव्हा तो दाखवायला गेलो. डेमोला जाताना कुंद्याचा डबा न्यावा, हा मात्र माझा खरा सल्ला. तोंडात कुंदा असला की माणूस प्रश्न कमी विचारतो.

काकांनी कुंदा खाल्ला, हात पुसला, ‘छान झालंय’ म्हणाले आणि टेबलावरची वही पुढं ओढली. आडव्या रेघांची, कोपऱ्यांना मोल्डिंगची काळी वाळू लागलेली. तीन रकान्यांच्या शेजारी पट्टीनं, पेन्सिलीनं चौथा रकाना आखलेला: पाळी.

‘हे कधी केलात काका?’

‘काल दुपारी. रात्रपाळीत जास्त माल जायला लागलाय असं वाटलं, म्हणून.’

सरांनी तिथल्या तिथं त्या पानाचा फोटो काढला. चौथ्या तिमाहीच्या बाणाखाली तो लावायचा ठरलंय. सेलोटेप संपलीय. ती आणायचं काम पुढच्या स्प्रिंटमध्ये घेतलंय. काम किती मोठं ते पॉइंटांत मोजतात, हे तीन पॉइंटचं.