बॅज लावला म्हणून किरण अडत नाहीत

भोसरी-चाकणच्या वर्कशॉपमध्ये गॅमा किरणांनी वेल्ड तपासणाऱ्या पोरांच्या मोबाईलवर एक मेसेज फिरतोय: ‘छातीवरचा बॅज रेडिएशन शोषून घेतो. वर आयोडीनची गोळी घ्या. वर्षाला 20 मिलिसीव्हर्टपर्यंत (हे अंगावर पडलेल्या किरणांच्या डोसचं माप) काही होत नाही. फक्त घरी लेकरांना जवळ घेऊ नका.’ यातलं एकही वाक्य खरं नाही, आणि त्यावर विश्वासणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं.

बॅजपासून सुरुवात करू. छातीवरच्या या टीएलडी बॅजमध्ये कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या असतात. किरण पडले की त्यांत ऊर्जा साठते. पुढे प्रयोगशाळेत तापवल्यावर त्या उजळतात, त्यावरून डोस काढतात. म्हणजे बॅज मोजतो, तेही झाल्यानंतर. अडवत काहीच नाही. रात्री वेल्डचं शूटिंग, म्हणजे किरणांनी वेल्डचा फोटो काढण्याचं काम, करताना वाचवतं ते कमी वेळ थांबणं, लांब राहणं आणि मध्ये शिसं किंवा काँक्रीट असणं. एक मीटरवरून दोन मीटरवर सरकलात की डोस चौथ्या हिश्श्यावर येतो. क्रँक उलटी फिरवली म्हणजे इरिडियम-192 चा सोर्स (गॅमा किरण सोडणारा तुकडा) कॅमेऱ्यात, म्हणजे त्याच्या जाड कवचाच्या पेटीत, परत आलाच, असं धरून चालू नका. तो बाहेर नेणाऱ्या नळीत, म्हणजे गाईड ट्यूबमध्ये, अडकला तर दिसत नाही, जाणवत नाही. चालू सर्व्हे मीटर (किरण जागच्या जागी मोजणारं यंत्र) हातात धरूनच जवळ जायचं. मीटर बंद असेल तर शूटिंग नाही, सुपरवायझर कितीही घाई करो.

आयोडीनची गोळी फक्त किरणोत्सारी आयोडीनपासून थायरॉईडला वाचवते. इरिडियमपुढे तिचा काडीचा उपयोग नाही.

घरच्यांचं म्हणाल, तर एक्स-रे काढून आलेल्या आजीजवळ आपण बसतोच ना? गॅमा किरण अंगातून गेल्याने माणूस किरणोत्सारी होत नाही. किरणोत्सारी कण अंगाला-कपड्यांना लागणं ही वेगळी गोष्ट, म्हणून अणुवीज केंद्रातून बाहेर पडताना प्रत्येकाची तपासणी होते. तारापूरच्या 3 आणि 4 क्रमांकाच्या, जड पाण्यावर चालणाऱ्या अणुभट्ट्यांत ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, असतं. त्याचे बीटा किरण इतके दुबळे, की ते बॅजवर उमटतच नाहीत. ते लघवी तपासून कळतं.

राहिला 20 चा आकडा. अणुऊर्जा नियामक मंडळाची ही मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीची आहे, आणि कुठल्याही एका वर्षात 30 च्या वर जायचं नाही. ही कमाल हद्द आहे, तिथपर्यंत खुशाल घ्या अशी सूट नव्हे. डोस जमेल तितका कमीच ठेवायचा. ‘बॅज काढून ठेव, आकडा वाढणार नाही’ असं कंत्राटी पोराला सांगणारा मुकादम त्याच्या तब्येतीचा पुरावाच पुसतो. 2004 च्या अणुऊर्जा (किरणोत्सार संरक्षण) नियमांनुसार मालकाने कामगाराला त्याच्या डोसची नोंद दरवर्षी, मागेल तेव्हा आणि नोकरी सोडताना द्यायलाच हवी. ती मागून घ्या.