आत्रेयू गोरा कधी झाला?

‘परीकथेतसुद्धा कोण गोरा, कोण काळा हे मोजत बसायचं? पोरांना सुखानं सिनेमा बघू द्या की!’ पुण्याचा माझा मावसभाऊ फोनवर तावातावानं बोलत होता. विषय होता १९८४चा ‘द नेव्हरएंडिंग स्टोरी’. आम्ही राहतो त्या म्युनिकच्या बव्हेरिया स्टुडिओतच तो बराचसा घडला. त्यातल्या फूखुर नावाच्या पांढऱ्या ड्रॅगनवर बसून इथली पोरं अजून फोटो काढतात.

भावाला वाटतं, हे मोजमापाचं खूळ आजचं आहे. पण मिखाएल एंडे यांची मूळ कादंबरी १९७९ची. तिच्यातला शूर शिकारी पोरगा आत्रेयू हिरव्या कातडीचा आहे, उत्तर अमेरिकेच्या गवताळ मुलखातल्या मूळ रहिवाशांची आठवण करून देणारा. गोष्ट वाचणारा बास्टियन लठ्ठ आहे आणि त्यावरून पोरं त्याला छळतात. पडद्यावर बास्टियन सडपातळ झाला आणि आत्रेयू गोरा. म्हणजे एंडेंनी लिहून ठेवलेलं वेगळेपण सिनेमावाल्यांनी पुसलं. एंडे या चित्रपटावर भयंकर चिडले होते, त्यामागे कारणं आणखीही होती. वेगळे चेहरे चित्रपटात आहेत, पण कुठे? वैद्य कायरॉन झालेला मोझेस गन कृष्णवर्णीय, गोगलगाईवरचा दूत झालेला दीप रॉय भारतीय वंशाचा. दोघंही निरोपे. मोहिमेवर जातो तो गोराच.

माझी मुलगी वर्गात एकटीच सावळी. मैदानात ही गोष्ट खेळताना तिला आत्रेयू व्हायचं होतं. ‘तो असा दिसत नाही,’ एक मुलगा म्हणाला. सिनेमा पाहिलेला, त्याचं तरी काय चुकलं? रात्री मी तिला पुस्तकातला तो परिच्छेद काढून दिला. तिनं दोनदा वाचला आणि दुसऱ्या दिवशी पुस्तकच दप्तरात घातलं.

जर्मनीतही यावर भांडणं होतात. विनेटू हा जर्मन कथांमधला मूळ अमेरिकी सरदार. त्याच्या गोष्टींवरची मुलांची पुस्तकं साचेबद्ध चित्रणाच्या टीकेनंतर २०२२ साली राव्हेन्सबुर्गर प्रकाशनानं बाजारातून मागे घेतली, तेव्हा देशभर गदारोळ झाला. पुस्तकं मागे घेणं मलाही पटत नाही. ती घरात असावीत, मुलांसोबत वाचावीत, त्यांच्याबद्दल बोलावं.

पण भावाचं ‘सोडून दे’ हेही मला मान्य नाही. आपल्याकडे शाळेच्या स्नेहसंमेलनात ‘आदिवासी नृत्य’ असतं. मुलांचे हातपाय काळे रंगवतात, कमरेला पाला, डोक्याला पिसं, तोंडानं हुर्र-हुर्र. प्रेक्षकांत एखादं कातकरी किंवा ठाकर मूल बसलं असेल, तर त्याला काय वाटत असेल? ज्याचा चेहरा कायम पडद्यावर असतो, त्याला चेहरे मोजावे लागत नाहीत. पुण्यात माझ्या भाच्यांना लागत नाहीत, इथे माझ्या मुलीला लागतात.

या कादंबरीवर नवे चित्रपट काढणार असल्याचं २०२४मध्ये जाहीर झालंय. त्यात बास्टियन लठ्ठच हवा, आणि आत्रेयूच्या कातडीला एंडेंनी दिला तोच रंग हवा.