वरच्या फ्लॅटची किल्ली

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय, लांबलं तर लांबलं.

इंदूरच्या राजेंद्र नगरला आमच्या डोक्यावरचा फ्लॅट 7 वर्षं बंद आहे. मालक काका पुण्याला मुलाकडे असतात, किल्ली आमच्या देवघराशेजारच्या खिळ्यावर. महिन्यातनं दोनदा मी वर जाते, खिडक्या उघडते, नळ सोडते, झुरळांचं औषध मारून खाली येते.

सकाळी एक जोडपं आलं. बऱ्हाणपूरचं, आपलंच मराठी, नवीन लग्न, तो पीथमपूरला कंपनीत, ती इथेच शाळेत शिकवते. चहा दिला, काकांना फोन लावला. "अगं नको, किरायेदार नकोच. राहू दे बंद, भाव चढतोय ना." झालं. जिन्यात ती मुलगी म्हणाली, काकू, नुसतं बघता येईल का? आणि किल्ली समोर खिळ्यावर असून मी नाही दाखवलं.

भाव चढतोय म्हणे! घर राहायला असतं हे तुम्हाला काय सांगायचं. पण रात्री बायपासला चक्कर मारा, अख्ख्या टाउनशिपा उभ्या आणि दिवे मोजून दहा. 2011 च्या जनगणनेत देशभरातल्या शहरांत 1 कोटी 10 लाखांवर घरं रिकामी निघाली होती, आणि पुढच्याच वर्षी सरकारच्याच समितीनं सांगितलं की 1 कोटी 88 लाख घरं कमी पडतायत! कमी कोणाला, तर जवळजवळ सगळी गरिबांना. आणि आपल्या इंदूरला तर भाव चढवायला घर बांधायचीही गरज नाही, परमिशनच्या आधीच प्लॉट डायरीवर, म्हणजे रजिस्ट्री न करता नुसत्या कच्च्या नोंदीवर, विकले जातात, एकाची डायरी दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला, दर वेळी भाव वर, आणि शेवटी जो खरंच राहायला येतो त्याच्याकडे पैसे उरतात का? नर्मदाकाठच्या जलूदहून सत्तर किलोमीटर नर्मदा पंपांनी वर चढवून आणतो आपण, आणि ती बंद फ्लॅटांच्या टाक्यांत शिळी होते. मीच सोडते ना नळ, मला माहितेय.

हो, काकांची भीती अगदीच खोटी नाही. रामबागेतल्या त्यांच्या जुन्या घरात किरायेदार बसला तो उठेचना, मध्य प्रदेशाच्या 1961 च्या भाडे कायद्याखाली त्यांच्या वडिलांनी म्हातारपण कोर्टाच्या पायऱ्यांवर काढलं. मान्य. केंद्रानं 2021 मध्ये आदर्श भाडेकरू कायदा आणला, घरासाठी दोन महिन्यांच्या वर डिपॉझिट नाही, भांडणासाठी वेगळं भाडे प्राधिकरण, पण लागू करायचा राज्यांनी, आणि लोकांच्या मनातलं ते जुनं कोर्ट काही जात नाही. पण म्हणून सात वर्षं?

संध्याकाळी परत वर गेले, काही काम नव्हतं तरी. नळाला आधी लाल पाणी आलं, मग स्वच्छ. ओट्यावरच्या टाइलवर गेलेल्या काकूंनी चिकटवलेला गणपती अजून तसाच आहे. त्या किती माणसं जेवायला घालायच्या त्या घरात. काकांवरचा राग तिथेच थोडा उतरला, खरं सांगते. त्यांना कदाचित ते स्वयंपाकघर दुसऱ्या कोणाचं झालेलं बघवणार नाही, आणि भावाचं ते नुसतं सांगतात.

उद्या पुन्हा फोन करणार आहे. अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट, पोलीस ठाण्यात किरायेदाराची माहिती देणं, सगळं मी करीन म्हणून सांगणार. नाहीच ऐकलं तर मंडळी, राजेंद्र नगर ते राऊ कोणाकडे दोन खोल्या असतील तर कळवा. बजेट 8 हजार. मुलीचा नंबर मी घेऊन ठेवलाय.