शब्दाला कोशात बसवण्याचा रीतसर मार्ग

आपण एक नवा शब्द घडवला आहे, याबद्दल प्रथम अभिनंदन. समजा, चार्जरला आपण ‘विद्युत्पोषक’ असे नाव दिले आहे. शब्दाचे कुळ संस्कृत असल्यामुळे त्याच्याकडे कोणी बोट दाखवणार नाही, आणि घरात तो कोणी उच्चारणारच नसल्यामुळे तो झिजण्याचीही भीती नाही. आता राहिले ते त्याला शब्दकोशात बसवणे.

त्यासाठी पहिले पथ्य असे की, शब्द वापरण्याच्या फंदात पडू नये. नौपाड्यात एखादे सभागृह घ्यावे, शाल-श्रीफळासह शब्दाचे लोकार्पण करावे, आणि तीन हात नाक्यावर आपल्या हसऱ्या छायाचित्राचा फलक लावावा, ज्यावर शब्द लहान आणि शुभेच्छुकांची नावे मोठी असतील. प्रमुख पाहुण्यांचे भाषण रंगात आले असताना माइकवाल्याने ‘कुणाकडे चार्जर आहे का?’ असे विचारलेच, तर तिकडे दुर्लक्ष करावे.

राजाश्रय मिळाल्यास उत्तमच. शिवछत्रपतींनी १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी कारभारातल्या पदांना संस्कृत नावे दिली आणि पुढे राजव्यवहारकोशही सिद्ध करवून घेतला. सुरनीस जाऊन सचिव आला, वाकनीस जाऊन मंत्री आला, आणि हे दोघेही आज मुंबईत सुखाने नांदत आहेत. फारसीतून आलेले अर्ज आणि हुकूम मात्र जागचे हलले नाहीत. त्या सचिवाकडेही अर्जच करावा लागतो. ज्या शब्दाला खुर्ची आणि पगार जोडलेला असतो तो टिकतो, हे सुज्ञांनी यावरून ओळखावे, आणि एखाद्या कचेरीत ‘विद्युत्पोषक अधीक्षक’ असे पद निर्माण करता येते का ते पाहावे.

लोकांपासून मात्र शब्दाला जपावे. ठाण्यातल्या ‘सॅटिस’ची काय गत झाली पाहा. ‘स्टेशन एरिया ट्रॅफिक इम्प्रूव्हमेंट स्कीम’ या सरकारी योजनेच्या आद्याक्षरांचे ते कडबोळे. स्थानकाबाहेर पूल उभा राहिला आणि नाव पुलालाच चिकटले. ‘मी सॅटिसखाली उभा आहे’ असे फोनवर ओरडणाऱ्या माणसाला त्याचे पूर्ण रूप विचारले, तर तो आपल्याकडेच संशयाने पाहतो. लोकलमधली ‘चौथी सीट’ही तशीच बेवारस. तिघांच्या बाकाच्या टोकाला अर्ध्या मांडीवर टेकून, एक पाय वाटेत रोवून कल्याणपर्यंत जाण्याच्या या आसनाचे बारसे कोणी केले याची नोंद नाही. पण ‘जरा आत सरका’ म्हटले की तिघेही कुरकुरत का होईना, सरकतात. आणि कोशकार नेमके असल्या शब्दांच्याच मागे असतात.

हा पायंडा मोल्सवर्थ साहेबांनी पाडला. पंडितांकरवी लोकांच्या तोंडचे शब्द गोळा करून त्यांनी १८३१ मध्ये मराठी-इंग्रजी कोश काढला, आणि १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे ६०,००० शब्द भरले. लोकार्पण त्यांपैकी एकाचेही झालेले नसावे. ऑक्सफर्डचे संपादकही तसेच हट्टी. एकमेकांशी संबंध नसलेल्या लेखकांनी शब्द काही वर्षे सातत्याने वापरल्याचे लेखी दाखले ते मागतात. आपण आणि आपल्या मेव्हण्याने वृत्तपत्रांकडे धाडलेली पत्रे तिथे चालत नाहीत.

इतके करूनही दार उघडले नाही, तर एक खात्रीचा मार्ग उरतो. १९३१ मध्ये अमेरिकेत वेबस्टर कोशाच्या कचेरीत ‘डी ऑर डी’ अशी एक चिठ्ठी गेली. घनतेसाठी डी हे अक्षर, मोठे किंवा लहान, वापरतात, एवढेच तीत सांगायचे होते. चिठ्ठी हाताळणाऱ्यांनी अक्षरे जोडून वाचली आणि १९३४ च्या आवृत्तीत ‘डॉर्ड’, अर्थ घनता, असा शब्द झोकात अवतरला. तो कोणी घडवला नव्हता, कोणी बोलत नव्हते, तरी १९३९ पर्यंत संपादकांच्या ध्यानात काही आले नाही. तेव्हा कोशमंडळाला चिठ्ठी लिहिताना अक्षरांमधली जागा कमी सोडावी आणि हस्ताक्षर शक्य तितके वाईट काढावे. फक्त पाकिटावर आपला भ्रमणध्वनी क्रमांक देऊ नये. कोणी खुलाशासाठी फोन केला, तर सगळेच मुसळ केरात.