उरलेल्या गोळ्यांचा डबा

लघवीला आग होतेय? बाईमाणसाने असलं कुणाला सांगत बसू नये. दोन दिवस धण्या-जिऱ्याचं पाणी प्या, तिसऱ्या दिवशी फ्रिजवरचा श्रीखंडाचा जुना डबा उघडा. इंदूरच्या मराठी घरात हा डबा नाही, असं होतच नाही. रबरबँडात उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या, चार सिप्रोफ्लॉक्सासिन, दोन सेफिक्सिम. तारीख नेमकी कापून गेलेल्या बाजूला. नॉरफ्लॉक्सासिन हवी असेल तर रामबागेतल्या मावशींकडे मिळेल. त्यांना मागच्या दिवाळीत तिनेच गुण आला होता.

डबा रिकामा असला तर कोपऱ्यावरचं मेडिकल आहेच. 'भिया, जलन की दे दो' एवढंच हळूच म्हणा, तो कात्रीने तीन गोळ्या कापून देईल. पट्टीवरच्या लाल रेघेचं, म्हणजे 'डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका' या खुणेचं काय, लाल रंग शुभच. सेफिक्सिम विकताना रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव वेगळ्या वहीत लिहायचा नियम २०१४ पासून आहे म्हणे. भल्या माणसाला लिहायला लावू नका. आग थांबली की गोळी थांबवा. उरलेली डब्यात.

कल्चरच्या, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून कोणतं औषध लागू पडेल ते बघायच्या तपासणीच्या, फंदात मात्र पडू नका. गोळी सुरू करण्याआधी मधल्या धारेची लघवी निर्जंतुक डबीत द्यायची, वर दोन-तीन दिवस रिपोर्टची वाट बघायची! आणि त्यात निघणार काय, तर नाइट्रोफ्युरँटॉइन लागू पडेल. १९५०च्या दशकातलं, स्वस्तातलं औषध. चारचौघांत सांगायची सोय नाही.

बहुतेक वेळा हे दुखणं आणणारा ई. कोलाय हा जंतू तसा परका नाही, आपल्याच आतड्यातला. वळणही घरचंच. औषधाला दाद न देण्याची युक्ती एकाला साधली की जनुकांच्या छोट्याशा कड्यावर, म्हणजे प्लाझ्मिडवर, तिची नक्कल काढून शेजाऱ्याला देतो. आपण वाटीभर साखर देतो, तशी. एकाच कड्यात कधीकधी तीन-चार औषधांचा बंदोबस्त. (काटकसर म्हणावी ती अशी.)

मावशींना गेल्या महिन्यात हुडहुडी भरून ताप आला, कमरेच्या वर कळा. शेवटी कल्चर झालंच. रिपोर्टात गोळ्यांच्या नावांपुढे ओळीने आर, आर, आर, म्हणजे जंतू दाद देत नाही. एस, म्हणजे लागू पडेल, उरला तो शिरेतून द्यायच्या महागड्या इंजेक्शनांपुढे. काकांनी दवा बाजारात घासाघीस करून ती आणली. पाचव्या दिवशी बरं वाटल्यावर मावशींनी स्वतःच सलाइन काढायला लावलं. मी भेटायला गेले तर पोह्यांवर शेव घालता घालता म्हणाल्या, "दोन कुप्या उरल्यात गं, फ्रिजमध्ये ठेवल्यात. तुला लागल्या तर सांग."