कोल्हापूर ‘देशात सर्वात श्रीमंत’ नाही

गेल्या आठवड्यात शाळेच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा आला. दर दोन-तीन वर्षांनी येतोच. “दरडोई उत्पन्नात कोल्हापूर देशात पहिलं. सर्वात जास्त मर्सिडीज कोल्हापुरात. ऊस लावा आणि घरबसल्या पैसे मोजा. हाताला काम नाही असा माणूस इथं सापडणार नाही. जगात भारी, कोल्हापुरी!” खाली अंगठ्यांची रांग.

अभिमान मलाही आहे. पण या मेसेजचा तोटा आपल्यालाच होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मुंबईत एका बैठकीत यंत्रमागाच्या वीज सवलतीचा विषय निघाला, तेव्हा समोरचे गृहस्थ सहज म्हणाले, “तुम्हा कोल्हापूरकरांना कशाला हवी सवलत? तुमच्याकडं घरटी मर्सिडीज!” बाकीचे हसले आणि विषय तिथंच मिटला. म्हणून एकेक दावा घेतो.

दरडोई उत्पन्नापासून सुरू करू. राज्य सरकार दर वर्षी अर्थसंकल्पाच्या आधी आर्थिक पाहणी मांडतं. त्यात जिल्हावार दरडोई उत्पन्नाचा तक्ता असतो आणि त्या तक्त्यात मुंबई, ठाणे, पुणे आपल्या वर असतात. राज्यात पहिला नंबर नाही, तर देशात कुठून येणार? मराठवाडा-विदर्भातल्या बहुतेक जिल्ह्यांच्या आपण पुढं आहोत, हे खरं. पण तो आकडा शहराचा नसतो, अख्ख्या जिल्ह्याचा असतो. वर्षभरात जिल्ह्यात जे पिकलं, घडलं, विकलं त्याचं मूल्य काढायचं आणि माणसांच्या संख्येनं भागायचं. कुणाच्या खिशात किती आले, हे त्यातून कळत नाही. शिरोळ-हातकणंगल्याची काळी जमीन आणि गगनबावड्याचा डोंगर एकाच सरासरीत बसवले जातात. बारा तालुक्यांचा हा जिल्हा. आजरा, चंदगड, भुदरगडच्या घरांतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत राबली. भाग इतका सधन असता, तर लालबाग-परळच्या दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीनं झोपायला कोण गेलं असतं?

आता ऊस. या मुद्द्यावर मला थांबावं लागेल, कारण बाहेरच्यांचा सर्वात मोठा गैरसमज इथंच आहे.

माझ्या थोरल्या भावाचं वीस गुंठे रान आहे. आमच्या पट्ट्यात वीस गुंठे, तीस गुंठे हीच बहुतेकांची जमीन. एकरी चाळीस टन उतारा पडला तर पीक चांगलं म्हणायचं. म्हणजे वीस गुंठ्यांत वीस टन. तोडणी-वाहतूक वजा जाऊन टनाला ३,३०० रुपये मिळाले असं धरू. झाले ६६,०००. यातून बियाणं, खत, भांगलण आणि पाणीपुरवठा संस्थेची पाणीपट्टी वजा करायची. तोड लवकर मिळावी म्हणून तोडकऱ्यांची खुशाली आणि ट्रॅक्टरवाल्याची एंट्री वेगळी, आणि ती कुठल्याच पावतीवर येत नाही. आडसाली लागण असेल तर जुलैत लावलेला ऊस पुढल्या वर्षीच्या डिसेंबरात तुटतो. सतरा महिने. खर्च न धरतासुद्धा महिन्याला चार हजारही पडत नाहीत. आणि बिल जमा झालं की आधी सोसायटीचं पीककर्ज वळतं होतं, उरलेलं घरी येतं.

तेही वेळेवर येईल, याची खात्री नसते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर, द्यायची, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. तरी २०२२ मध्ये राज्य सरकारनं ती दोन हप्त्यांत देण्याची मुभा दिली. तो निर्णय २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं रद्द केला. यंदा किती दर मागायचा हे ठरवणाऱ्या शेतकऱ्यांच्या जयसिंगपूरच्या ऊस परिषदेकडं दरवर्षी डोळे लावायचे आणि कारखान्याचं धुराडं पेटायला उशीर झाला तर तुऱ्याला आलेला ऊस बघत बसायचं. कारखान्यांचीही बाजू आहे, ती लपवणार नाही. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरला आणि पुढं वर्षानुवर्षं हलला नाही. त्याच काळात क्विंटलची एफआरपी २७५ वरून ३५५ रुपयांवर गेली. हा मेळ घालताना कारखाना कर्ज काढतो आणि त्याचं ओझं शेवटी सभासदावरच येतं.

मर्सिडीजवर फार शब्द घालवत नाही. त्या मेसेजमध्ये संख्या नाही, वर्ष नाही, आरटीओची नोंद नाही. एमएच-०९ च्या गाड्या बघायच्याच असतील तर पहाटे कुठल्याही गावाच्या वेशीवर उभं राहा. दोन्ही बाजूंना किटल्या लटकवलेल्या मोटारसायकली दिसतील, आणि हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर. त्यातल्या निम्म्यांचे हप्ते चालू असतात.

“हाताला काम नाही असा माणूस नाही.” रविवारी रात्री मध्यवर्ती बसस्थानकावर या. पुण्याच्या गाडीत चढणारी पोरंपोरी मोजा. इंजिनिअरिंग झालेली, डिप्लोमा झालेली, पाठीला सॅक, हातात आईनं दिलेला डबा. इथं कारखाने नाहीत असं नव्हे. उद्यमनगरात ऑइल इंजिनं घडली, त्यातून शिरोली, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या, पुढं कागल-हातकणंगलेची पंचतारांकित वसाहत झाली. देशातल्या मोठमोठ्या वाहन कंपन्यांची कास्टिंगं इथल्या फौंड्रीत ओतली जातात. पण फौंड्रीत मोल्डिंगला (साचे करायला), फेटलिंगला (ओतलेला भाग घासून साफ करायला) आज उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाची पोरं आहेत. आपल्याकडं म्हणतात, कोल्हापूरच्या पोराला कष्ट नकोत. मला हे पटत नाही. ठेकेदाराकडं बारा तासांची पाळी, भट्टीसमोरची धग, कायम होण्याची आशा नाही. दूधपाणी करून घरी राहणारा मुलगा ते का पत्करेल? मालकही काही मजेत नाही. वीजदरापायी ‘कर्नाटकात जातो’ म्हणण्याची पाळी इथल्या उद्योजकांवर एकदा नव्हे, कैक वेळा आलीय.

इचलकरंजीलाही ‘महाराष्ट्राचं मँचेस्टर’ म्हणून त्याच मेसेजात ओवलंय. १९०४ मध्ये तिथं पहिला यंत्रमाग लागला, हा इतिहास मोठाच आहे. पण आजचा कामगार मजुरी मोजतो ती मीटरवर, ५२ पिकाला, म्हणजे इंचाला ५२ आडव्या धाग्यांच्या कापडाला, इतके पैसे, अशी. आणि मागाचे मालक म्हणवणारे कितीतरी जण खर्चीवाले आहेत: सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, यांचा फक्त माग, वीजबिल आणि रात्रीची झोप. मंदी आली की व्यापारी बीम, म्हणजे सूत गुंडाळलेला रूळ, द्यायचं थांबवतो. बँकेचा हप्ता थांबत नाही.

मग कोल्हापूर तगलंय कशावर? माझ्या मते दुधावर. वहिनी पहाटे चारला उठते. शेण काढते, वैरण टाकते, दोन म्हशींची धार काढते. साडेपाचला डेअरीवर रांग. मशीनवर फॅट लागते, छोटी चिठ्ठी बाहेर पडते, ती घडी करून ब्लाउजमध्ये ठेवते. सकाळ-संध्याकाळ, बाराही महिने. आणि दर दहा दिवसांनी बिल. उसाचं बिल कर्जात जातं, पण दुधाच्या बिलावर किराणा, शाळेची फी, दवाखाना चालतो. १९६३ पासूनचा जिल्हा संघ आणि वारणेसारखे संघ यांनी हे जाळं गावोगाव नेलं. यात कुणी कोट्यधीश होत नाही. पण दहा दिवसांनी चार पैसे येणार, हा भरवसा लाखो घरांना मिळतो. ही कोल्हापूरची खरी कमाई आहे आणि त्या मेसेजमध्ये तिचा उल्लेखही नाही.

तोही भरवसा किती नाजूक आहे, ते २०१९ च्या ऑगस्टमध्ये दिसलं. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, पाणी गेलं ५५ फुटांच्या वर. शिरोलीजवळ महामार्ग बुडाला, टँकर अडकले, संकलन थांबलं. म्हशींना काय कळतं, धार काढावीच लागते. वहिनीनं दूध शेजाऱ्यांना वाटलं, खवा आटवला, उरलेलं गोठ्यामागं ओतलं. त्या दहा दिवसांच्या बिलाचा कागद तिनं अजून डब्यात ठेवलाय. तारखांपुढचे रकाने कोरे आहेत, आणि खाली पशुखाद्याची कपात मात्र पूर्ण लावलेली आहे.