फोनोची सर्दी

आजोबांचा कर्ण्यावाला फोनो माळ्यावरून काढला, चावी दिली, तबकडी फिरली आणि बालगंधर्व गायला लागले ते डब्यात भुंगा कोंडल्यासारखे. ही म्हणाली, "सर्दी झालीय त्यांना."

दोष साउंड बॉक्सचा. म्हणजे पिन लावतात तो गोल डबा, आत अभ्रकाची पातळ चकती, तिच्या कडेला पुढून-मागून रबरी नळीच्या दोन रिंगा. खाचेत पिन थरथरते, तिची दांडी चकतीला मधोमध हलवते, चकती हवा हलवते, पुढचं काम कर्ण्याचं, वीज बीज काही नाही. पण रबर म्हातारं झालं की कडक होतं आणि चकती झर्रर्र करते. मी डबा उघडला तर रबर कुठलं, गेल्या दिवाळीतली चकली होती, तीही तुकडा पडलेली.

नवी नळी कुठनं आणायची? एकदम आठवलं, सायकलची वॉलट्यूब, व्हॉल्व्हवर चढवतात ती बारीक रबरी नळी! पुणं सायकलींचं गाव होतं तेव्हा कुठल्याही टपरीवर मिळायची, आता मुलांच्या सायकलींना मोटरसारखे व्हॉल्व्ह, त्यामुळे कसब्यापासून नारायण पेठेपर्यंत पाच दुकानं फिरलो. सहाव्याकडे होती.

"चोवीसची की बावीसची सायकल?"

"सायकल नाहीये, ग्रामोफोन आहे."

"मग हवा कुठनं भरता?"

घेतली एकदाची नळी, जास्त सांगत बसलो नाही.

रिंग कापताना दोन टोकं बरोब्बर भिडली पाहिजेत, एक मिलीमीटर कमी पडली तर फट, जास्त झाली तर फुगवटा, तीनदा कापली आणि चौथ्यांदा जमली. मग चकतीच्या मधला स्क्रू. ज्वारीच्या दाण्याएवढा पण नाही तो, चिमट्यातून उडाला. आई, ही, मी, तिघंही मोबाईलचे टॉर्च लावून फरशीवर, तेवढ्यात कामवाल्या मावशी आल्या आणि दारातच थबकल्या, "कोण पडलं?" सापडला तो हिने निवडायला घेतलेल्या मेथीत. म्हणजे मेथी नीट निवडली नसती तर बालगंधर्व भाजीतच गेले असते.

स्क्रूभोवती मेणाचा ठिपका लावतात, तिथनं हवा गळू नये म्हणून. मेण मधमाशीचंच हवं, मेणबत्तीचं तडकतं. मी ऑनलाइन शोधत बसलो तर आईने आजीची फणीकरंड्याची पेटी आणली, कुंकवाखाली लावायच्या मेणाची डबी अजून तशीच, वर आजीच्या बोटाचा खळगा सुद्धा. कोपऱ्यातलंच टोकरून घेतलं, खळग्याला हात लावला नाही. उदबत्तीने गरम केलेल्या सुईने टेकवलं. मग दांडीच्या दोन बाजूच्या स्प्रिंगा सारख्या ताणायच्या, नाहीतर चकती एकीकडे ओढली जाते, त्यात रविवारची दुपार गेली.

संध्याकाळी नवी पिन (दर बाजूला नवी, नाहीतर झिजलेली पिन तबकडी खाते) लावली आणि काय सांगू, आवाज थेट जिन्यात! तानेतली प्रत्येक जागा स्वच्छ. आईने डोळे पुसले.

दोन मिनिटांत बेल. खालचे काका.

"सुंदर! पण जरा आवाज कमी करा की."

"काका, याला बटणच नसतं."

सॉफ्ट टोनच्या पिना वेगळ्या यायच्या, माझ्याकडच्या झाडून सगळ्या लाउड. शेवटी आईनेच उठून बाबांचा पंचा घडी करून कर्ण्यात कोंबला.

स्वयंपाकघरातून आवाज आला, "अगंबाई, परत सर्दी?"